मोरचुदाचे तीन आकडे: डॅफ्नियाच्या ४८ तासांच्या चाचणीत नेमकं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत चुकत असेल तर तिथेच कळेल. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारतात, पावसात त्यातलं तांबं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतं, आणि व्हाळातल्या बारीक जीवांचं त्यामुळे काय होतं हा तुमचा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. त्यासाठी लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलिग्रॅम मोरचूद विरघळवून तुम्ही मूळ द्रावण केलंत. मत्स्यालयाच्या दुकानातून डॅफ्निया (गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव) आणून वाढवलेत आणि ४८ तासांची चाचणी तीनदा केलीत. सावंतवाडीकडच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात (हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, २२) ईसी-५०, म्हणजे निम्मी पिल्लं निश्चल करणारं प्रमाण, आला लिटरला ०.०३१ मिलिग्रॅम. घाटावरच्या कॉलेजच्या बोअरच्या पाण्यात (हार्डनेस २१०) तो ०.२४ आला, पण तेव्हा कंट्रोलमधल्या (मोरचूद न घातलेल्या भांड्यांतल्या) २० पैकी ३ पिल्लं निश्चल झाली होती. तिसऱ्या वेळी मैत्रिणीने दिलेलं एम-४ माध्यम वापरलंत, तर ०.४ पर्यंत एकाही पिल्लाला काही झालं नाही. सर म्हणतात तिन्हींची सरासरी काढा. तुम्ही विचारताय की यातला खरा आकडा कोणता, आणि प्रोबिटचं (ईसी-५० काढायच्या गणिताचं) सॉफ्टवेअर बदलून काही सुधारेल का.

सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही, आणि सरासरी तर कृपा करून काढूच नका. मी बावीस वर्षं एका खासगी चाचणी प्रयोगशाळेत डॅफ्निया सांभाळले. तुमचे आकडे वाचून मला अजिबात धक्का बसला नाही. उलट वाटलं, पोराने काम नीट केलंय, फक्त पाण्याकडे बघायचं राहिलंय. ईसी-५० हा मोरचुदाच्या बाटलीवर छापता येईल असा मोरचुदाचा गुणधर्म नाही. अमुक पाण्यात, अमुक जनावरावर, अमुक तासांत काय झालं याची ती नोंद असते. तांब्याच्या बाबतीत तर पाणी हा निम्म्याहून अधिक भाग असतो.

आधी एककाचा घोळ मिटवू. तुम्ही मोरचूद वजन करून घेतलंत आणि त्याचेच मिलिग्रॅम लिहिलेत. मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरून बसलेलं कॉपर सल्फेट. त्याचा रेणुभार सुमारे २४९.७, त्यात तांबं ६३.५. म्हणजे वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा तांबं, बाकी सल्फेट आणि पाणी. जगात सगळीकडे हे निकाल तांब्यात लिहितात, म्हणून तुमचे आकडे ३.९३ ने भागा. विहिरीच्या पाण्यातला ०.०३१ होतो सुमारे ०.००८ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ८ मायक्रोग्रॅम तांबं. बोअरचा ०.२४ होतो ६१ मायक्रोग्रॅम. आणि एम-४ मधलं सगळ्यात वरचं प्रमाण होतं साधारण १०२ मायक्रोग्रॅम. हे न करता तुम्ही प्रबंधात इतरांच्या आकड्यांशी तुलना केली असती, तर तुमचे डॅफ्निया चौपट काटक ठरले असते. यापुढे मी सगळं तांब्याच्या मायक्रोग्रॅममध्येच बोलतो.

आता ८ आणि ६१. फरक पावणेआठ पटींचा. दोन्ही पाण्यांच्या हार्डनेसमधला फरक साडेनऊ पटींचा. हे एकमेकांच्या इतकं जवळ येणं निव्वळ योगायोग नसावा. पाण्यात मिसळलेलं सगळं तांबं डॅफ्नियाला बाधत नाही. मुख्यतः बाधतं ते मोकळं, कुणाशी न बांधलं गेलेलं आयन. हे आयन जनावराच्या श्वसनपृष्ठांवरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि शरीरातलं सोडियम टिकवून ठेवणारी यंत्रणा बंद पाडतं. एवढ्याशा जिवाचं सोडियम झरझर बाहेर गेलं की खेळ संपला. पण त्याच जागांसाठी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमही रांगेत उभं असतं. पाणी जड असेल तर ही गर्दी मोठी, आणि तांब्याला जागा मिळायला जास्त तांबं लागतं. तुमच्या गावची विहीर जांभ्यातली. ते पाणी मऊ आणि जरा आम्लाकडे झुकणारं असतं. तिथे गर्दी नाही, आणि तांबं मोकळंही जास्त राहतं. घाटावर काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड, त्यात बायकार्बोनेट भरपूर, तेही तांब्याला काही प्रमाणात अडकवून ठेवतं.

हे फक्त डॅफ्नियापुरतं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं गोड्या पाण्यातल्या तांब्याच्या अल्पकालीन मर्यादेचं जुनं सूत्र हार्डनेसवरच बेतलेलं होतं. हार्डनेस १०० असेल तर सुमारे १४ मायक्रोग्रॅम, २०० असेल तर सुमारे २७. पुढे २००७ साली त्यांनी तांब्यासाठी बायोटिक लिगँड मॉडेल आणलं, कारण एकटा हार्डनेस पुरत नाही असं दिसलं. पीएच, क्षारता, विरघळलेला सेंद्रिय कार्बन हे सगळं त्यात धरावं लागतं. यातला सेंद्रिय कार्बन तुमच्यासाठी फार महत्त्वाचा. पावसात व्हाळाचं पाणी चहासारखं तपकिरी होतं ना? कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली ती ह्यूमिक द्रव्यं तांब्याला घट्ट धरतात. अशा पाण्यात हार्डनेस २० असूनही ईसी-५० विहिरीपेक्षा कितीतरी वर जाऊ शकतो. त्यामुळे विहिरीचा आकडा व्हाळाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

एम-४ चं कोडं याहून सोपं आहे. ते माध्यम डॅफ्निया वाढवायला उत्तम, पण त्यात लिटरला २.५ मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए असतं. ईडीटीएचं कामच धातू पकडून ठेवणं. हिशेब करून बघा: २.५ ला ३७२ ने भागलं की सुमारे ६.७ मायक्रोमोल, एकास एक धरलं तर सुमारे ४२५ मायक्रोग्रॅम तांबं बांधण्याची ताकद. त्यातलं काही ईडीटीए माध्यमातल्या लोखंडासारख्या धातूंत गुंतलेलं असतं, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. तुम्ही टाकलंत जास्तीत जास्त १०२. बिचारं तांबं डॅफ्नियापर्यंत पोचलंच नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची डॅफ्नियाच्या चाचणीची २०२ क्रमांकाची मार्गदर्शिका धातूंसाठी एम-४ आणि एम-७ टाळा असं स्पष्ट सांगते. आमच्याकडे नवी माणसं हमखास याच खड्ड्यात पडत, कारण वाढवायचं माध्यम आणि चाचणीचं पाणी एकच असावं असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. तिसरी चाचणी प्रबंधात ठेवा, पण ईडीटीएने काय होतं याचं उदाहरण म्हणून. विषारीपणाचा आकडा म्हणून नाही.

दुसरी चाचणी मात्र बाद. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त पिल्लं निश्चल झाली तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत. वीसमधली २ चालतात, ३ नाही. इथे लोकांना अ‍ॅबटची दुरुस्ती आठवते. १९२५ सालचं सूत्र, कंट्रोलमधली मर वजा करून उरलेलं बघायचं. ते सूत्र खोटं नाही, पण बिघडलेली चाचणी वाचवायला ते वापरणं म्हणजे करपलेल्या भातावरचा थर काढून वाढणं. खालचा वास येतोच. कंट्रोलमधली पिल्लं ज्या कशाने मेली, तेच दुसऱ्या भांड्यांत तांब्याच्या जोडीला काम करत होतं, आणि किती ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून ८ आणि ६१ च्या जुळण्यावर मी वर खूश झालो असलो, तरी त्यावर प्रकल्प उभा करू नका. बोअरची चाचणी पुन्हा करा.

कंट्रोल का मेलं असेल? माझा पहिला संशय पाण्याच्या बदलावर. मऊ पाण्यात वाढलेली पिल्लं एकदम जड पाण्यात टाकली, किंवा उलट, तर ती हबकतात. चाचणीचं पाणी वेगळं असेल तर आया किमान ४८ तास आधी त्या पाण्यात, चाचणीच्या तापमानाला ठेवाव्यात असा संकेत आहे. मी तर मऊ पाण्यासाठी एक अख्खी पिढी त्यात काढत असे. दुसरा संशय तुमच्या डिस्टिल्ड पाण्यावर. कॉलेजमधल्या जुन्या धातूच्या संचातून आणि पितळी तोटीतून आलेल्या पाण्यात तांबं असू शकतं, आणि तुमच्या विहिरीत तर ८ मायक्रोग्रॅमला निम्मी पिल्लं गळतात. चार-पाच मायक्रोग्रॅम नकळत आलं तरी सगळं गणित हललं. काचेच्या संचातलं किंवा डीआयोनाइज्ड पाणी वापरा, आणि भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून भरपूर धुवा. नळाचं पाणी घेत असाल तर त्यातलं क्लोरीन दिवस-दोन दिवस हवा सोडून घालवा. थायोसल्फेट टाकू नका, ते तांब्यालाही धरतं.

तिसरा संशय ऐकून हसाल. एका पावसाळ्यात आमची अख्खी वसाहत, म्हणजे तीन महिने जपलेली जनावरं, एका रात्रीत तळाला गेली. पाणी तपासलं, शेवाळ तपासलं, तापमानाचा आलेख काढला, काही सापडेना. चार दिवसांनी कळलं की रात्रपाळीच्या माणसाने डास फार म्हणून संवर्धन खोलीच्या दाराशी डास पळवणारं लिक्विडचं मशीन लावलं होतं. पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं डॅफ्नियाला लिटरला मायक्रोग्रॅमच्या पातळीवर, काही तर त्याहूनही खाली, मारतात. हवेतून पाण्यात उतरायला एक रात्र पुरली. तेव्हापासून त्या खोलीत अगरबत्तीसुद्धा लावू दिली नाही. तुमच्या प्रयोगशाळेत पेस्ट कंट्रोल कधी झालं होतं, विचारून बघा.

आता जनावर. मत्स्यालयाच्या दुकानात ‘डॅफ्निया’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा मोइना असतं. माशांच्या पिल्लांना तेच घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघा. डॅफ्नियाला पुढे चोचीसारखं टोक असतं आणि मागे बहुधा शेपटीचा काटा. मोइनाला चोच नसते, काटाही नसतो, पुढची पहिली स्पर्शकं लांब आणि हलणारी असतात, आणि सगळं जनावर मिलिमीटरच्या आसपास. डॅफ्निया मॅग्नाची पूर्ण वाढलेली मादी पाच मिलिमीटरपर्यंत जाते, ती नुसत्या डोळ्यांना ओळखू येते. मोइना निघालं तर निराश होऊ नका. डॅफ्निया मॅग्ना हे मूळ थंड प्रदेशातलं जनावर, कोकणातल्या व्हाळाशी त्याचं नातं फारसं नाही. तुमच्या प्रश्नाला मोइना कदाचित जास्त जवळचं. फक्त नाव खरं लिहा, आणि मॅग्नासाठी ठरलेल्या आकड्यांशी तुलना करताना ते ध्यानात ठेवा. जनावरांची तब्येत तपासायला वापरतात त्या पोटॅशियम डायक्रोमेटचा २४ तासांचा ईसी-५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यावा ही कसोटी मॅग्नाची आहे. ती मोइनाला लावून ‘माझी जनावरं आजारी’ असं ठरवू नका. तुमच्या जनावरांसाठी तुमचाच तक्ता बनवा: दर महिन्याला एकदा डायक्रोमेट, आणि आकडा आधीच्या सरासरीच्या दोन प्रमाण विचलनांत येतोय का ते बघायचं.

वसाहतीची तब्येत बघण्याची माझी रीत डायक्रोमेटपेक्षाही साधी होती. रोज सकाळी काच उजेडात धरायची. सगळ्या माद्या, पिशवीत अंडी, पोट शेवाळाने हिरवं, तर सगळं ठीक. नर दिसू लागले किंवा पाठीवर काळं खोगीर (सुप्त अंड्यांचं कवच) असलेल्या माद्या दिसल्या, तर समजायचं की गर्दी, भूक किंवा तापमान यांतलं काहीतरी त्यांना सोसत नाहीये. अशा वसाहतीतली पिल्लं चाचणीला घेत नाहीत. पहिल्या विणीचीही घेत नाहीत. आदल्या संध्याकाळी आयांमधली सगळी पिल्लं काढून टाका, दुसऱ्या दिवशी सकाळी जी मिळतील ती नक्की २४ तासांच्या आतली. पाच प्रमाणं आणि एक कंट्रोल, प्रत्येकी २० पिल्लं, म्हणजे १२० पिल्लं एकाच सकाळी हवीत. मॅग्नाच्या तीस-चाळीस जाणत्या माद्या तरी हाताशी ठेवा.

पिल्लं उचलायला रुंद तोंडाचा ड्रॉपर घ्या आणि टोक पाण्याखाली नेऊन मगच सोडा. वरून थेंब टाकलात तर कवचाखाली हवा अडकते आणि पिल्लू पृष्ठभागावर तरंगत राहतं. ४८ तासांनी ते निश्चल मोजलं जातं, आणि दोष तांब्यावर येतो. मोजतानाही एक खोच आहे. इथे आपण मेलेली मोजत नाही, कारण डॅफ्निया मेला की नुसता गुंगलाय हे हृदयाचे ठोके बघितल्याशिवाय सांगता येत नाही. भांडं हलकेच फिरवायचं, १५ सेकंदांत जे पोहलं नाही ते निश्चल. स्पर्शकं हलत असली तरी निश्चलच. तुमच्या वहीत ‘थोडं हलतंय’ असा रकाना आहे असं तुम्ही लिहिलंय. तो रकाना प्रामाणिक आहे, पण मोजणीत ती सगळी निश्चलमध्ये जातील. तुम्ही ती जिवंतमध्ये धरली असाल तर ईसी-५० वर सरकला असणार. वही पुन्हा काढा.

तापमानासाठी वेगळं यंत्र नको. पर्यावरणशास्त्राच्या बहुतेक विभागांत बीओडी (पाण्याची जैविक ऑक्सिजन-मागणी) मोजायचा, तापमान स्थिर ठेवणारा इन्क्युबेटर असतोच. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस करतात, म्हणून तो बहुधा २७ वर लावलेला असेल. दोन दिवस मागून घ्या आणि २० वर आणा. मॅग्नासाठी १८ ते २२ मधलं एक तापमान, एका अंशाच्या आत स्थिर. आत दिवा नसेल तरी अडत नाही, पूर्ण अंधारातली चाचणी चालते. वीज गेली तर दार उघडू नका, चार-पाच तास तापमान बऱ्यापैकी टिकतं. ४८ तासांत खाणं नाही, हवेचा बुडबुडा नाही. शेवटी ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलेला नसावा, आणि पीएच एकाच चाचणीत दीडपेक्षा जास्त हललेला नसावा. बोअरचं ताजं पाणी उघडं ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर चढतो, म्हणून ते आधी रात्रभर हवेवर स्थिरावू द्या.

इथवरचं कुठल्याही पाण्याला लागू आहे. यापुढचं मात्र तुम्हाला काय विचारायचंय त्यावर अवलंबून. मोरचुदाचा धोका-वर्ग ठरवायचा असेल तर ठरलेल्या प्रमाण पाण्यातली एकच चाचणी लागते. जागतिक वर्गीकरणात १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली ईसी-५० आला की पहिला वर्ग. तुमचे ८ आणि ६१ दोन्ही तिथेच बसतात, मग एवढी चर्चा कशाला असं वाटेल. पण मिश्रणांच्या हिशेबात १० ते १०० मायक्रोग्रॅममधल्या आकड्याला दहाचा गुणक लागतो आणि त्याखाली १०० चा, म्हणजे फरक उरतोच. कारखान्याचं सांडपाणी हा विषय असता तर वेगळंच. आपल्या १९८६ च्या नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत बायोअ‍ॅसे आहे तो माशांचा: विरळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. मासा तगला म्हणजे डॅफ्निया तगेल असं मात्र नाही.

तुमचा प्रश्न व्हाळाचा आहे. म्हणून मी असं करेन. एकाच दिवशी, एकाच विणीची पिल्लं घेऊन, तीन पाण्यांत चाचणी. पहिलं आयसो या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं जड प्रमाण पाणी: लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३, सोडियम बायकार्बोनेट ६५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.८ मिलिग्रॅम. हार्डनेस २५० येतो आणि ईडीटीए औषधालाही नाही. दुसरं अमेरिकी पद्धतीचं मऊ पाणी: सोडियम बायकार्बोनेट ४८, जिप्सम ३०, मॅग्नेशियम सल्फेट ३०, पोटॅशियम क्लोराइड २ मिलिग्रॅम, हार्डनेस ४० ते ४८. तिसरं तुमच्या व्हाळाचं, जाड जाळीतून गाळलेलं. व्हाळाचा ईसी-५० भागिले मऊ पाण्याचा ईसी-५० हा जो भागाकार येईल, त्यात तुमच्या प्रकल्पाचं उत्तर आहे. त्याला वॉटर इफेक्ट रेशो म्हणतात. तीन आला तर व्हाळाचं पाणी तांब्याचा मारा तिपटीने बोथट करतंय. सरासरीत हीच गोष्ट पुसली गेली असती. पिल्लं पुरत नसतील तर जड पाणी गाळा, पण मऊ आणि व्हाळ एकाच दिवशी व्हायला हवेत.

प्रमाणं गुणोत्तराने वाढवा. मऊ पाण्यासाठी ४ मायक्रोग्रॅमपासून १.८ पटींनी: ४, ७.२, १३, २३, ४२. दोन प्रमाणांतला पट २.२ च्या वर नेऊ नका. आधी दहा-दहा पटींची एक कच्ची चाचणी पाच-पाच पिल्लांवर करून कक्षा बघा, नाहीतर पाचही भांडी एकाच बाजूला पडतात. प्रत्येक प्रमाणात चार भांडी, भांड्यात पाच पिल्लं, पिल्लामागे निदान २ मिलिलिटर पाणी. तांबं घातल्यावर लगेच पिल्लं सोडू नका. मी साध्या पाण्यात तीन तास थांबत असे आणि तपकिरी पाण्यात रात्रभर, कारण सेंद्रिय द्रव्यांशी तांब्याचं बांधणं सावकाश चालतं. मोरचूद दुकानातलं नको, एआर (प्रयोगशाळेतल्या शुद्ध) दर्जाचं घ्या.

आणि तांबं मोजा. वजन करून टाकलेलं आणि पाण्यात खरोखर असलेलं यांत या पातळीला मोठा फरक पडतो, काच तांबं ओढून घेते. निदान सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या प्रमाणाचे नमुने, सुरुवातीला आणि शेवटी, ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून ठेवा. कॉलेजचा फ्लेम एएएस (ज्योतीवर धातू मोजणारं यंत्र) इथे उपयोगाचा नाही, १० मायक्रोग्रॅमला तो नुसता थरथरतो. ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही त्याहून बारीक मोजणारी यंत्रं कुठल्या विद्यापीठात आहेत ते सरांना विचारा. मोजलेलं प्रमाण टाकलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त हललं असेल तर ईसी-५० मोजलेल्यावर काढायचा.

गणिताबद्दल थोडंच. प्रोबिटला मधली आकडेवारी लागते, म्हणजे निदान दोन प्रमाणांत ० आणि १०० च्या मधले टक्के. तांब्याचा उतार तीव्र असतो, कधी ७.२ ला सगळी पोहतात आणि १३ ला सगळी थंड. अशा वेळी सॉफ्टवेअर काहीतरी आकडा देईल आणि विश्वासमर्यादा वेड्यासारखी रुंद येईल. त्यापेक्षा दोन्हींचा भूमितीय मध्य घ्या, इथे ९.७, आणि तसं लिहा. मध्ये एकच प्रमाण अडकलं असेल तर ट्रिम्ड स्पिअरमन-कार्बर ही प्रोबिटऐवजीची गणिती पद्धत वापरा. चांगल्या प्रयोगशाळेतही त्याच पाण्यात त्याच द्रव्याचा आकडा पुन्हा केल्यावर दीड-दोन पटींनी हलतो. त्याने घाबरू नका. आठ पटींनी हलला तर गणिताकडे न जाता पाण्याकडे जा.

सरांना कसं सांगायचं हा तुमचा शेवटचा, आणि बहुतेक खरा, प्रश्न. ‘तुम्ही चुकलात’ म्हणायची गरजच नाही. एक तक्ता न्या: तीन ओळी, आणि रकाने हार्डनेस, पीएच, ईडीटीए आहे की नाही, कंट्रोलमधली निश्चल पिल्लं, तांब्यातला ईसी-५०. तक्ता समोर आला की सरासरीची गोष्ट ते स्वतःच मागे घेतील. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मलाही सरासरीच काढायला सांगितली होती, आणि असाच तक्ता बघून मुकाट्याने पेन खाली ठेवलं होतं.

आता एक घाईची गोष्ट. बोर्डोची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर होते आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. चाचणीसाठीचं व्हाळाचं पाणी बागांच्या वरच्या अंगाला, फवारणीच्या आधी भरा, नाहीतर तुमच्या कंट्रोलमध्येच तांबं असेल. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या सरीचं पाणी बागांच्या खालच्या अंगाला वेगळं भरा आणि त्यात काही न घालता थेट पिल्लं सोडून बघा. बोर्डोमध्ये चुन्याबरोबर तांबं बऱ्याच अंशी न विरघळणाऱ्या रूपात बसलेलं असतं, ते हळूहळू सुटतं. त्यामुळे मोरचुदाच्या द्रावणावरून त्या पाण्याचा अंदाज बांधलात तर तो धोका फुगवून दाखवेल. बाटल्या प्लॅस्टिकच्या, आम्लाने धुतलेल्या, पाणी भरल्यावर बर्फात. आणि पाणी काढायला बागायतदाराच्या पिंपावरचा मग मागून घेऊ नका. आमच्या एका मुलाने घेतला होता, आणि वरच्या अंगाच्या ‘स्वच्छ’ पाण्यात वीसच्या वीस पिल्लं बसली होती.